यंदा टेबलामागे उभी राहा

चि. चिमणीस,



तुझा मेसेज वाचला. विभागातून होस्टेल, होस्टेलवरून जयकर, जयकरमधून रिफेक्टरी आणि परत विभाग. पहिली सेमिस्टर सरली तरी यापलीकडे विद्यापीठ पाहिलंच नाही, असं लिहिलंस. अंबाजोगाईहून एवढ्या लांब येऊन तू मन लावून अभ्यास करते आहेस, याचं मला समाधानच आहे. पण शेवटच्या ओळीवर मी अडले. विज्ञान दिनाला स्वयंसेवक म्हणून नाव द्यायला सरांनी सांगितलंय, पण तयारीत अभ्यासाचे दिवस जातील, आणि शाळेच्या पोरांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच तेच सांगून आपल्या पदरात काय पडणार, असं तू विचारलंस. फोनवर याचं उत्तर घाईत गेलं असतं, म्हणून कागद घेऊन बसले.

नाव दे. उत्तर आधी सांगून टाकते, कारणं सावकाश सांगते.

तू राहतेस ते सुमारे 411 एकरांचं आवार पावसाळ्यात आणि थंडीत आपल्याच नादात असतं. परीक्षा, प्रवेश, निकाल, अर्ज. माघ सरत आला की त्याचा चेहरा पालटतो. काटेसावरीची पानं गळून नुसती लाल फुलं उरतात, खाली पडलेल्या फुलांवर खारी आणि मैना तुटून पडतात, करंजाला पोपटी पालवी यायची वेळ होते. आणि याच दिवसांत बाहेरच्या माणसांना आत बोलावणारे कार्यक्रम एकामागून एक येतात. 10 फेब्रुवारीला वर्धापन दिन. 1949 साली याच तारखेला हे पुणे विद्यापीठ स्थापन झालं; बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. तू रोज जिथं जागा धरून बसतेस त्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. 27 ला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन, 28 ला विज्ञान दिन, 10 मार्चला सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन, एप्रिलमध्ये जोतीरावांची आणि बाबासाहेबांची जयंती. ललित कला केंद्राच्या अंगणमंचावर मुलांचे प्रयोग. यातलं बहुतेक सगळं फुकट आणि सगळ्यांसाठी खुलं असतं. तरी शेकडो मुलं दोन वर्षं इथं राहून एकाही कार्यक्रमाला न जाता पदवी घेऊन परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा दर वर्षी मुलांना घेऊन 28 फेब्रुवारीला विद्यापीठात यायचे. तुझ्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्या दिवशी सगळ्यांसाठी उघडी असते. शाळाशाळांच्या गणवेशांची रांग, शिट्टी गळ्यात अडकवलेले पीटीचे सर, पाण्याच्या बाटल्या, सावलीला सतरंजी टाकून उघडलेले डबे. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या त्या काळ्या दगडाच्या वास्तूत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. आतल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मुलं आइन्स्टाइनपाशी फोटो काढतात आणि आर्यभटाला प्रश्न विचारतात, असं मी पाहिलंय.

तिथल्या दालनात फूकोचा लंबक आहे. तू फिजिक्सची, तुला मी काय सांगणार. पण तो लोकांना बोलावून दाखवण्यासाठीही टांगला गेला होता, हे पुस्तकात एखाद्या ओळीपलीकडे येत नाही. 1851 साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये लेऑं फूकोने घुमटाखाली लांब तारेला जड गोळा लावला आणि पृथ्वी फिरताना गावाला दाखवली. पॅरिसात लंबकाच्या झोक्याची दिशा सुमारे 32 तासांत पूर्ण फिरते. आपलं पुणं विषुववृत्ताच्या बरंच जवळ, त्यामुळे इथं त्याला सुमारे 75 तास लागतात.

एका वर्षी तिथं उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने हा 75 चा आकडा आमच्या मुलांना सांगितला. माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलीने विचारलं, "मग कन्याकुमारीला किती?" मुलगा थबकला. आकडा त्याला पाठ होता, त्यामागचा हिशेब त्या क्षणी तोंडावर नव्हता. सातवीतल्या मुलीला साइन-कोसाइन सांगून उपयोग नाही, हेही त्याला कळत होतं. तो पायरीवर बसला, एका मुलाच्या दप्तरातून रबरी चेंडू मागून घेतला, पेनाने त्यावर पुणं, कन्याकुमारी आणि वर उत्तर ध्रुव असे ठिपके काढले आणि चेंडू हातात फिरवत बोलायला लागला. ध्रुवावर उभा राहिलास तर तू स्वतःभोवती गरकन फिरतोस. विषुववृत्तावर उभा राहिलास तर पुढे पुढे जातोस, पण स्वतःभोवती फिरत नाहीस. मधल्या गावांना थोडं थोडं मिळतं. मग विषुववृत्तावर लंबक कधीच वळणार नाही, हे ती मुलगी स्वतःच बोलली. कन्याकुमारीचं उत्तर त्याने फोनवर काढून दिलं: सात दिवसांहून थोडं जास्त. त्या पाच-सात मिनिटांत अक्षांश ही गोष्ट त्या मुलाला नव्याने समजली, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. एम.एस्सी.ची परीक्षा तो आधीच पास झालेला होता.

म्हणून म्हणते, तेच तेच सांगायचं नसतं. पहिल्या रांगेला तू सांगतेस ते पुस्तकातलं असतं. दुपारनंतर तू सांगतेस ते तुझं झालेलं असतं. मधल्या वेळात शंभर पोरांनी ते उलटंपालटं करून पाहिलेलं असतं.

आता 28 तारखेविषयी. या दिवशी 1928 मध्ये कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विखुरण्याचा तो परिणाम हाती लागला, 1930 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, 1987 पासून आपण हा दिवस पाळतो. इतकं तुला शाळेपासून ठाऊक आहे. शाळेत मीच भाषण लिहून दिलं होतं. त्याच्या अलीकडची गोष्ट मात्र तुला कुणी सांगितली नसेल. रामन 1907 मध्ये कलकत्त्याला आले ते अर्थखात्यातले अधिकारी म्हणून. दिवसभर सरकारी हिशेब. बोबाजार स्ट्रीटवर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था आहे, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर ते तिथं प्रयोग करू लागले. पुढे 1917 मध्ये नोकरी सोडून ते विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी प्रयोगशाळा तीच राहिली.

ही संस्था कुठून आली? डॉ. महेंद्रलाल सरकार नावाच्या एका वैद्याने लोकांकडून वर्गणी गोळा करून ती 1876 मध्ये उभी केली. आपल्या माणसांना विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला मिळावीत, प्रयोग डोळ्यांनी पाहता यावेत, ही त्यांची तळमळ. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथं मुख्य काम चालायचं ते व्याख्यानांचंच. मोठं संशोधन पुढे झालं. लोकांसाठी उघडलेल्या व्याख्यानगृहाची जागा तयार होती, म्हणून हिशेबखात्यातल्या एका तरुणाला संध्याकाळी शिरायला दार मिळालं. संशोधनाच्या जागी जत्रा कशाला, असं कुणी म्हणालं की मला बोबाजारची ती इमारत आठवते आणि राग येतो. शोध लागल्यावर रामन स्वतः काय करते झाले? 16 मार्चला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, बंगलोरला सायन्स असोसिएशनच्या सभेत उभं राहून त्यांनी तो सांगितला. तोही असाच वसंतातला दिवस होता.

तुझ्या विभागात या वर्षी काय मांडणार आहेत ते तू लिहिलं नाहीस. माझी शिफारस खोक्याच्या वर्णपटदर्शकाची. बुटांचं रिकामं खोकं, एका टोकाला दोन ब्लेडच्या धारांमधली बारीक फट, दुसऱ्या टोकाला तिरकी बसवलेली जुन्या सीडीची फाक आणि वरून डोळा लावायला भोक. खर्च जवळजवळ नाहीच. काचेच्या जुन्या बल्बकडे धरलं तर सलग रंगपट्टा दिसतो. ट्यूबलाइटकडे धरलं तर तो पट्टा तुटतो, हिरवी आणि जांभळी रेघ वेगळी उठून दिसते, कारण आत पाऱ्याची वाफ आहे आणि ती आपले ठरलेलेच रंग सोडते.

असंच एक खोकं घेऊन एका विभागात एक मुलगी उभी होती. आमच्या बसचे ड्रायव्हर दाराबाहेर किल्ली बोटात फिरवत थांबले होते. तिने त्यांना हाक मारली, "काका, आत या ना, तुम्हीही बघा." ते संकोचले, चप्पल बाहेर काढून आले. ट्यूबलाइट पाहिली, बल्ब पाहिला, पुन्हा ट्यूब पाहिली. मग म्हणाले, "गाडीच्या हेडलाइटचं यातनं कसं दिसंल?" त्या मुलीने तो प्रयोग कधी केला नव्हता. ती खोकं घेऊन सरळ त्यांच्यामागून बसपाशी गेली आणि पाठोपाठ आमचा अख्खा वर्ग. हॅलोजनचा दिवा असल्याने पट्टा सलग निघाला. काकांनी तिथंच हिशेब मांडला: "म्हणजे ह्यात तार तापतीय, आन् त्यात वाफ पेटतीय." चाळीस मुलांसमोर बसच्या नाकापाशी उभं राहून ते हे बोलले. मी इतकी वर्षं फळ्यावर जे लिहीत होते ते इतकं थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. परतताना मुलं त्यांच्याशी वेगळ्या आदराने बोलत होती.

त्यांना आत बोलावलं नसतं तर हे घडलं नसतं. म्हणून तुला माझं पहिलं सांगणं: जे रांगेत नाहीत त्यांना हाक मार. तुमच्या मेसमधल्या मावशी, होस्टेलचे वॉचमन, बागेत काम करणारे मामा. ते रोज त्याच आवारात असतात, आणि त्यांना कुणी बोलावत नाही.

दुसरं, मराठीत बोल, आणि तुझ्या अंबाजोगाईच्या मराठीत बोल. पुण्यातली मुलं हसतील असं वाटून जीभ आवरू नकोस. शहराच्या कडेच्या शाळांमधून किती मुलं मराठवाड्यातून आलेल्या घरांची असतात, ते तुला पहिल्या तासातच कळेल. डॉ. जयंत नारळीकरांएवढा जगन्मान्य माणूस या आवारात आयुका उभी करत होता, आणि त्याच हाताने मराठीत कथाही लिहीत होता. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, नावाकडे बघून कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. आणि उत्तरं यायची. 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या शाळेची जुनी मुलं, आता पन्नाशीकडे झुकलेली, आपापली पोस्टकार्डं शोधत होती. तूही टेबलावर एक वही ठेव. ज्या प्रश्नाचं उत्तर तुला येणार नाही तो मुलाच्या हातानेच त्यात लिहून घे, शाळेचं नाव घाल, आणि नंतर खरोखर उत्तर धाड. वही नुसती भरून ठेवायची असेल तर ठेवूच नकोस.

आयुकातच मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पुलं आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिलेली. इमारतीचं नाव पुलस्त्य, सप्तर्षींपैकी एक. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी बनवायचं काम इथं अनेक वर्षं केलं. मोकळा वेळ मिळाला की तिथं जा, ती खेळणी हातात घेऊन पाहा. टेबलावर काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही, हे तिथं उमगेल. जे मुलांच्या हातात देता येत नाही ते शक्यतो मांडू नये, असं माझं मत आहे. आणि टेबल बुटकं घे. तिसरीतल्या मुलाच्या नाकाला कड लागते असल्या टेबलावर मांडलेलं प्रदर्शन फक्त शिक्षकांसाठी असतं.

सगळेच कार्यक्रम असे होतात असं नाही. एका ठिकाणी मी मुलांना घेऊन गेले होते; पाहुण्यांना उशीर झाला, तोवर मुलांना गुलाब हातात देऊन दारात दोन रांगांत उभं केलं होतं. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून कॉलेजची मुलं हजेरीच्या सहीवर आणून बसवलेली, फलक सगळे इंग्रजीत, आणि मुलींसाठी बाथरूम कुठे आहे हे सांगायला कुणी नाही. मुलांनी त्या दिवशी विज्ञानाचं काहीही पाहिलं नाही. तुम्ही आखणी कराल तेव्हा पाणी, बाथरूमची पाटी आणि म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा, ही तीन कामं तू स्वतःकडे घे. सत्कार कमी करता आले तर बघ.

तुझ्या आवारातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेची दुर्बीण खोडदला आहे, नारायणगावाजवळ. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, निम्म्याअधिक शेतांमध्ये दूरवर विखुरलेल्या. विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथंही प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात, शेतकरी घरच्यांना घेऊन येतात. दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवायला लागतात, कारण आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की फोनच्या गोंगाटात त्या हरवतात. ज्यांच्या बांधाला लागून ही तबकडी उभी आहे त्यांना तिच्यात काय ऐकू येतं हे कळायला नको? एखाद्या वर्षी तिकडेही जा.

आणि 10 मार्च चुकवू नकोस. तुमची मुख्य इमारत पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्कामाचा बंगला होती. 1864 ते 1871 या काळात बांधलेली. 1897 मध्ये पुण्यात प्लेग पेटला. सावित्रीबाई रोग्यांना उचलून मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी 22 जूनच्या रात्री या बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झाली, आणि तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. आज त्या इमारतीच्या आवारात सावित्रीबाईंचा पुतळा आहे आणि 2014 पासून विद्यापीठाला त्यांचं नाव. प्लेगमधल्या पुण्यात ज्या बंगल्याच्या फाटकातून सामान्य माणसाला आत पाऊल टाकता येत नव्हतं, तिथं आता त्यांच्या नावाने सभा भरते. मी प्रत्येक वर्षी तिथं जाताना हे मनात घोळवते. तुझ्यासारखी मराठवाड्यातली मुलगी तिथं फिजिक्स शिकते, हेही.

नाटकाचं मात्र तुझं तू ठरव, मला त्यातलं फार कळत नाही. अंगणमंचावर उघड्यावर बसून प्रयोग पाहायला मजा येते, एवढं सांगते. आणि बहिःशाल मंडळाच्या जयकर व्याख्यानमालेची चौकशी कर. विद्यापीठ त्यात गावोगावच्या कॉलेजांत वक्ते पाठवतं. पुढे कधी तुझं नाव त्यात यावं, अशी माझी इच्छा आहे. एप्रिलमध्ये शहरात वसंत व्याख्यानमाला लागेल. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेली. तिला आपण दोघी मिळून जाऊ.

28 ला संध्याकाळी दुर्बिणीतून आकाश दाखवणार असतील तर तिथंही थांब. त्या सुमाराला अंधार पडला की मृग नक्षत्र डोक्यावर असतं, खाली व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. रात्र चढली की ईशान्येला सप्तर्षी वर येतात. आदल्या दोन-तीन रात्री होस्टेलच्या गच्चीवर जाऊन हे सगळं डोळ्यांनी ओळखून ठेव. मृगातला तेजोमेघ साध्या डोळ्यांना पुसट ठिपक्यासारखा दिसतो, दुर्बिणीतूनही तो फोटोतल्यासारखा रंगीत दिसत नाही. लोकांना हे आधीच सांग, नाहीतर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

मी दुपारी तीनच्या सुमाराला येते आहे. सोसायटीतल्या चार बायका बरोबर आहेत. त्यातल्या एकीने विद्यापीठ चौकातून बसने उभा जन्म काढला, पण फाटकाच्या आत ती कधी गेलेली नाही. दोघींचे गुडघे दुखतात, तेव्हा तुझ्या टेबलाशी दोन खुर्च्या राखून ठेव. तुझं टेबल कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट चालू आहे का, हे मला आधी कळव. खोक्यासाठी जुन्या सीडी हव्या असतील तर माझ्याकडे पडल्या आहेत, रविवारी येऊन घेऊन जा. येताना जेवायलाच ये.

तुझी,
आत्या